खानापूरवरून पुढे

सरकारी खर्चावर खानापूरच्या माणसाचा विश्वास नाही असं जो म्हणतो, त्याला खानापूर ठाऊक नाही. आमचा पुरा विश्वास आहे. खर्च होणारच, याबद्दल इथे कुणाच्या मनात तिळमात्र शंका नाही. शंका सुरू होते ती त्यानंतर.

गणेबैलचंच घ्या. बेळगावहून गोव्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 748, पूर्वीचा 4 अ. पिरनवाडी, मच्छे, झाडशहापूर मागे टाकून गणेबैलला आलात की टोलनाका. तालुक्यातलं सरकारी काम कसं असावं याचा हा नाका नमुना आहे. रात्री दिवे लागतात, माणसं तिन्ही पाळ्यांना हजर असतात, यंत्र बंद पडलं तर तासात दुरुस्त होतं. इतकी तत्परता आमच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाली, तर गावकरी मुद्दाम आजारी पडतील. 2023 मध्ये वसुली सुरू झाली, तेव्हा खानापूरच्या पुढचा रस्ता पुरा व्हायचाच होता. गुंजी, लोंढा, रामनगर, अनमोड या जंगलातल्या टप्प्यावर कधी वनखात्याची परवानगी अडली, कधी झाडतोडीवरून प्रकरण कोर्टात गेलं, कधी कंत्राटदारच दिसेनासा झाला. पुढे काम चाललं तेही तुकड्यातुकड्यानं. जुलै 2025 मध्ये तर अनमोड घाटात, गोव्याच्या हद्दीत, रस्त्याची कडच खचली आणि अवजड गाड्यांना तो घाट बंद करावा लागला.

वसुली सुरू झाल्यापासून तालुक्यात कुठेही चहा घ्यायला बसा, एक प्रश्न ठरलेला. ‘टोल घ्यालेत खरं रस्ता कुठं आहे ओ?’ नियमाच्या पुस्तकात याचं उत्तर आहे. जेवढा टप्पा झाला तेवढ्याचा टोल घेता येतो, बाकीचा झाला की त्याचाही घेऊ. कायद्यानं अगदी चोख. मात्र ज्याला गणेबैलपासून खानापूरला, म्हणजे आठ-दहा किलोमीटरवर जायचंय, त्याला गोव्याच्या रस्त्याचा हप्ता आपण का भरतोय हे कळत नाही. आंदोलनं झाली, निवेदनं झाली, सगळ्या पक्षांनी आळीपाळीनं रस्ता अडवून पाहिला. फास्टॅग कुणाचंच निवेदन वाचत नाही.

केरळात मात्र कोर्टानं वाचलं. त्रिशूरजवळच्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली तिथल्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये चार आठवड्यांसाठी थांबवली. कारण साधं होतं. रस्त्याची दैना आणि तासन्‌तासांची कोंडी असताना पैसे कसले मागता? महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही दाद लागली नाही. म्हणजे खड्ड्याला टोल देणं हे नागरिकाचं कर्तव्य नाही असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही वाटतं. खानापुरात हे चहाच्या दुकानात आधीच ठरलं होतं, पण त्या दुकानाचे निकाल कुणी छापत नाही.

(गोव्याला जाणाऱ्या मराठी माणसाचं एकंदरीत नशीबच असं दिसतं. वरून निघालात तर मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय आणि ज्याच्या पूर्ततेच्या तारखा आता गणपतीच्या तारखांसारख्या दरवर्षी जाहीर होतात. इकडून निघालात तर आमचा 748. पोर्तुगीज साडेचारशे वर्षं गोव्यात टिकले ते आरमाराच्या जोरावर की रस्त्यांच्या कृपेवर, याचा इतिहासकारांनी एकदा विचार करावा.)

आता मुद्द्याचं. खानापूर तालुक्यात सरकारी पैसा येत नाही, ही ओरड खोटी आहे. भरपूर येतो. तो इथे उतरत नाही, एवढंच. कोल्हापूरच्या एसटीतून पणजीला निघालेल्या प्रवाशासारखा खिडकीतून खानापूर बघतो आणि पुढे जातो. आजवरच्या मोठ्या योजना एका ओळीत मांडा. महामार्ग गोव्यासाठी, पाणी हुबळी-धारवाडसाठी, नवी रेल्वे धारवाड आणि कित्तूरसाठी. जमीन, जंगल, डोंगर आणि धूळ मात्र आमची. इथला माणूस फलकावरचा कोटींचा आकडा वाचतच नाही. तो पहिल्यांदा बघतो की हे कुठे जाणार आहे.

रेल्वेचं पाहा. बेळगावहून धारवाडला जाणारी आजची गाडी खानापूर, लोंढा, अळणावर असा वळसा घेते. तो वळसा वाचवायला कित्तूरमार्गे नवा मार्ग ठरला. सुमारे 73 किलोमीटर आणि 2020 च्या अंदाजानं 927 कोटी. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते, त्यांच्या पाठपुराव्यानं ही मंजुरी आली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते गेले. मार्गाची आखणी झाली, तेव्हा नंदिहळ्ळी, गर्लगुंजी या भागातली पिकाऊ जमीन त्यात सापडली. शेतकरी उठले. त्यांचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं. माळरान आणि पडीक जमीन असताना आखणी करणाऱ्याची पेन्सिल नेमकी काळ्या जमिनीवरूनच कशी फिरते? पर्यायी मार्ग त्यांनी स्वतः सुचवला, नकाशे घेऊन डीसी ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. गंमत अशी की गर्लगुंजी खानापूर तालुक्यात. म्हणजे जमीन खानापूर तालुक्याची जाणार आणि गाडी खानापूर स्टेशन चुकवून जाणार. लोंढ्याला एकेकाळी जंक्शनचा थाट होता, तो गेजबदलाच्या काळापासूनच उतरलाय. नव्या मार्गानंतर उरलेल्या गाड्यांतल्या किती इकडे फिरकतील, हे सांगायला ज्योतिषी नको. विकासाला विरोध करता, असं त्या शेतकऱ्यांना वर ऐकवलं गेलं. ज्याच्या शेतातून गाडी जाते आणि ज्याच्या गावात ती थांबत नाही, त्यानं विरोध नाही तर काय, आरती करायची?

मच्छ्याचा बायपास त्याच गोत्रातला. हलगा ते मच्छे, लांबी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. मधली जमीन बेळगावच्या बासमतीची. दशकाहून जास्त काळ शेतकरी, प्राधिकरण आणि कोर्ट अशी तिरंगी लढत चालू आहे. त्यातला वाद काय, तर झिरो पॉइंट. रस्ता सुरू होतो ते शून्य बेळगावातल्या फिश मार्केटजवळ की हलग्याला? कागदावर एक आणि जमिनीवर दुसरं, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. पोलिस बंदोबस्तात उभ्या पिकात जेसीबी घुसले, कोर्टाची स्थगिती आली, उठली, पुन्हा आली. शून्य कुठे आहे हे न ठरवता नऊ किलोमीटर पुढे जाण्याची ही किमया फक्त सरकारी गणितालाच जमते.

आणि पाणी. याच्याबद्दल लिहायचं म्हणजे सदर पुरणार नाही, तरी थोडं थांबतो.

कणकुंबीला मलप्रभा उगमते आणि ती पूर्वेला जाते. म्हादईचं उगमस्थान देगावकडे, ती पश्चिमेला गोव्यात उतरते. दोन्ही आमच्याच तालुक्यातल्या. म्हादईला मिळणारे कळसा आणि भांडुरा हे नाले वळवून ते पाणी मलप्रभेत टाकायचं, म्हणजे पुढे सौंदत्तीच्या धरणात आणि तिथून हुबळी-धारवाडच्या नळाला. कल्पना ऐंशीच्या दशकातली. 2000 च्या सुमारास दोन्ही नाल्यांचा मिळून अंदाज शंभर कोटींच्या आत होता. 22 सप्टेंबर 2006 ला मुख्यमंत्री कुमारस्वामींनी कणकुंबीत कोनशिला बसवली. डोंगर पोखरून कालवा खोदला गेला, भलामोठा चर पडला. गोवा न्यायालयात, 2010 मध्ये लवाद, मग खोदलेल्या कालव्याच्या तोंडाशी भिंत. तेव्हा हा प्रकल्प दोनदा बांधला गेला असं म्हणायला हरकत नाही. एकदा पाणी जावं म्हणून आणि एकदा जाऊ नये म्हणून. दोन्ही वेळा खर्च सार्वजनिक.

14 ऑगस्ट 2018 ला लवादानं निवाडा दिला. कळसा-भांडुऱ्यातून मलप्रभेत वळवायला 3.9 टीएमसी. 2020 मध्ये केंद्रानं तो अधिसूचित केला. तोवर अंदाजपत्रक 1,677 कोटींवर पोहोचलं होतं. त्याच वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पात म्हादई योजनेसाठी 500 कोटी, 2022 मध्ये 1,000 कोटी. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय जल आयोगानं सुधारित अहवालाला मान्यता दिली आणि हुबळीत पेढे वाटले गेले. वन्यजीव मंडळाची संमती मात्र पेढ्यांनी येत नसते. तरीही आकडे दरवर्षी जाहीर झाले, टाळ्याही पडल्या. बसायला घोडं नाही, पण खोगिराची ऑर्डर दरसाल वाढवून दिली जाते.

नरगुंद, नवलगुंदच्या शेतकऱ्याविषयी मनात राग नाही. तो 1980 मध्ये पाण्यावरच्या करापायी गोळ्या खाऊन आलाय आणि 2015 पासून पाण्यासाठी पुन्हा वर्षानुवर्षं मांडव घालून बसला. त्याला पाणी हवंच. पण कोनशिलेला येणाऱ्या एकाही पाहुण्यानं कणकुंबीच्या माणसाला विचारलं नाही की बाबा, तुला काय हवं. उन्हाळ्यात खुद्द खानापुरात मलप्रभेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. नदीचं माहेर आमचं, आणि पाणी मागायला आम्ही टँकरच्या रांगेत. जिथे पाऊस मोजायला भांडं पुरत नाही, त्या पट्ट्यात ही स्थिती. त्याच पट्ट्यातल्या आमगावात वर्षाला दहा हजार मिलिमीटरपर्यंत पावसाची नोंद झालेली आहे.

आमगावचं नाव निघालंच आहे तर तिथेच जाऊ. सहज जाता येत नाही, हीच तर बातमी आहे.

आमगाव भीमगड अभयारण्यात येतं. अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, गावं त्याच्या कितीतरी आधीची. गवाळी, पास्टोली, कोंगळा, देगाव, तळेवाडी, कृष्णापूर अशी ही माळ आहे. पावसाळ्यात नाले भरले की यांतली काही गावं महिनोन्‌महिने जगापासून तुटतात. जुलै 2024 मध्ये आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाच्या डोलीवर घालून, भर पावसात, जंगलातल्या वाटेनं, ओढा ओलांडत कित्येक किलोमीटर खांद्यावरून आणलं. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. मग अधिकारी फिरले. मग मंत्री फिरले. प्रत्येकानं हळहळ व्यक्त केली, आणि एवढ्या मोठ्या सरकारी यंत्रणेनं विचार करून जो उपाय काढला तो असा की गावच उचलावं. कुटुंबामागे 15 लाख. 2025 मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना त्यातल्या पहिल्या हप्त्याचे धनादेशही दिले गेले.

हा उपाय सरसकट वाईट म्हणता येणार नाही. पोरांच्या शिक्षणापायी, दवाखान्यापायी निघायला तयार असलेली घरं तिथे आहेत, आणि जंगलाला मोकळं सोडलं तर वाघांचं आणि म्हादईचंही भलं. मी स्वतः जंगलात डांबर ओतायच्या बाजूचा नाही. पण हिशेब बघा. ओढ्यावर पायी जाण्यापुरता साकव, पावसाळ्यापुरती एक परिचारिका, उंचावर एक चालणारा टॉवर, एवढीच मागणी गावानं पिढ्यान्‌पिढ्या केली. त्याला पैसा नव्हता आणि परवानगीही नव्हती. त्याच सह्याद्रीतून चौपदरी रस्ता काढायचा म्हटलं की पैसाही असतो आणि आज ना उद्या परवानगीही मिळते. झाडाची फांदी आमगावच्या साकवाला आडवी येते, महामार्गापुढे तीच झाडं आपणहून बाजूला होतात. (अपवाद सांगायला हवा. कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या रेल्वे दुपदरीकरणाला सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये अडवलं. तिथे झाडं जिंकली.)

आता बेळगावकडे वळतो. शंका घ्यायची सवय लागते कुठून, हे कळायला तालुक्याच्या माणसानं जिल्ह्याच्या गावी एक चक्कर मारलेली पुरते.

हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध. 11 ऑक्टोबर 2012 ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन, खर्च चारशे कोटींच्या घरात. वर्षाकाठी हिवाळी अधिवेशन भरतं, साधारण दहा दिवस. उरलेले साडेतीनशे दिवस ती वास्तू सीमेकडे तोंड करून उभी असते, कारण तिचं खरं काम तेच आहे. 2022 च्या उन्हाळ्यात तिथे सफाई करणाऱ्या एका बाईनं मोकळ्या आवारात शेवया आणि पापड वाळत घातले. फोटो पसरला, केवढा गहजब झाला, तिच्या पोटावर पाय यायची वेळ आली. खरं तर चारशे कोटींच्या त्या जागेचा तेवढाच काय तो उत्पादक वापर झाला होता. तिचा सत्कार करायला हवा होता. अधिवेशन जवळ आलं की बेळगावातले खड्डे बुजतात, हाही एक फायदाच. मंत्र्यांनी एकदा जांबोटी-चोर्ला रस्त्यानं गोव्याला जायचं ठरवलं पाहिजे. चारशे कोटी वसूल होतील.

शहापुरात बँक ऑफ इंडिया चौकापासून जुन्या पी. बी. रस्त्यापर्यंत स्मार्ट सिटीतून रस्ता झाला. बेळगाव 2016 च्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांतलं, तेव्हा रस्ताही स्मार्ट. पण त्याखालची खासगी जमीन रीतसर ताब्यात घ्यायचं राहून गेलं. जमीनमालक उच्च न्यायालयात गेले, भरपाईचा आकडा वीस कोटींवर गेला, महापालिकेच्या तिजोरीनं डोळे पांढरे केले. शेवट काय, तर 2024 मध्ये रस्ता उखडून जमीन मालकाला परत. रस्ता करायचे पैसे, मोडायचे पैसे, कोर्टाचे पैसे, आणि लोकांना मिळालं काय, तर पुन्हा जुना वळसा. जनतेचा पैसा जनतेला परत करा असं आपण म्हणतो, तेव्हा हे अभिप्रेत नसतं.

खानापूर रोडवर तिसऱ्या रेल्वे गेटचा उड्डाणपूल. किती वर्षं गेटाशी गाड्या थांबल्या याची गणती नाही. 2022 मध्ये एकदाचा खुला झाला, आणि काही दिवसांत डांबर उखडून खड्डे. लोकांनी आश्चर्य दाखवलं, पण ते केवळ शिष्टाचार म्हणून.

इथे थोडं गंभीर होणं भाग आहे. 2021 मध्ये कर्नाटकातल्या कंत्राटदार संघटनेनं थेट पंतप्रधानांना पत्र लिहून कामाच्या रकमेतले चाळीस टक्के कमिशनात जातात असा आरोप केला. बेळगावला लागून असलेल्या हिंडलग्यात जत्रेच्या आधी रस्ते झाले, सुमारे चार कोटींची कामं, वर्क ऑर्डर नसताना. बिल निघेना. एप्रिल 2022 मध्ये त्या कंत्राटदारानं उडपीत जीव दिला. मंत्र्यांवर आरोप झाले, त्यांनी राजीनामा दिला, पुढे पोलिस तपासात ते निर्दोष ठरले. प्रकरण संपलं. मला त्यात कोण दोषी हे सांगायचं नाही, तो अधिकारही नाही. पण एका गावात चार कोटींचे रस्ते वर्क ऑर्डरशिवाय होऊ शकतात, गाव त्यावरून चालतं, जत्रा होते, आणि हे काम कुणी सांगितलं या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच फाइलीत नसतं, ही गोष्ट कुणाच्या निर्दोष सुटण्यानं पुसली जात नाही. 2023 मध्ये सरकार त्याच चाळीस टक्क्यांच्या गजरात बदललं. कंत्राटदार संघटनेच्या तक्रारी मात्र बदलल्या नाहीत, थकलेल्या बिलांची भर तेवढी पडली.

आम्हीही पक्ष बदलून पाहिले. खानापूरनं 2008 मध्ये भाजपला निवडलं, 2013 मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीला, 2018 मध्ये काँग्रेसला, 2023 मध्ये पुन्हा भाजपला. चार निवडणुका, चार आमदार. एवढा प्रयोगशील मतदारसंघ दुसरा दाखवा. बंगळूरला ज्याचं सरकार त्याच्या विरुद्धचा आमदार निवडून द्यायची कलाही आम्हाला अवगत आहे, 2023 मध्ये तेच केलं. मग निधी न येण्याचं कारण दोन्ही बाजूंना आयतं मिळतं. आमदार म्हणतो सरकार देत नाही, सरकार म्हणतं आमदार मागत नाही. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, म्हणतो वरून आलं नाही. वर म्हणजे कुठे, हे गेल्या कितीतरी ग्रामसभांत कुणी सांगितलेलं नाही.

आणि समितीवाल्यांनो, हसू नका. आपल्याही काळात रस्ता मखमलीचा नव्हता. सीमाप्रश्न हा खड्ड्याला उत्तर म्हणून वापरायची सवय आपल्याच लोकांनी लावली. महाराष्ट्रात गेलो असतो तर, हे वाक्य ज्याला फार प्रिय आहे त्यानं एकदा सिंधुदुर्गात जाऊन तिळारीच्या कालव्याची चौकशी करावी. तो फुटला ही तिथे बातमी राहिलेली नाही. मालवणला महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. महाराजांचे किल्ले साडेतीनशे वर्षं लाटा झेलतायत, तो पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. मुंबईचं सरकार आमच्यावर प्रेम करतं हे खरं. डिसेंबर 2022 मध्ये दोन मंत्री आम्हाला भेटायला येणार होते. दौरा ठरला, पुढे ढकलला, मग आलेच नाहीत. 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर झाली, 54 कोटींची तरतूद. कर्नाटकानं लगेच हरकत घेतली. आमच्या आजारपणावर दोन राज्यं भांडतात एवढं भाग्य कुणाला लाभतं? फक्त आमगावातून दवाखान्यापर्यंत यायला वाट लागते, आणि ती दोघांच्याही योजनेत नाही.

तेव्हा आमच्या शंकेला नकारात्मक वृत्ती वगैरे म्हणू नये. उलट माझी तक्रार अशी की ती फारच सोवळी आहे. चहाबरोबर निघते आणि चहाबरोबर संपते. भूमिपूजनाच्या दिवशी तीच माणसं फेटे बांधून पहिल्या रांगेत. नारळ कुणी फोडायचा यावरून मारामारी, एस्टिमेट किती हे विचारायला एकजण नाही. फ्लेक्सवर आपला फोटो सरपंचाच्या शेजारी आला की रस्त्याची रुंदी कुणाला आठवत नाही. कंत्राटदार गावचा जावई निघाला तर खडीऐवजी माती टाकली तरी चालते. टोलच्या नावानं शंख करणाऱ्या किती जणांनी आपल्या गल्लीतल्या काँक्रीटची जाडी मोजलीय? हातभर गज आणि पट्टी लागते, बाकी काही नाही.

म्हणून एक काम सुचवतो. पुढच्या भूमिपूजनाचा नारळ फुटला की माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. कर्नाटकाचा नियम आहे, एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. पुरेत. मंजूर रक्कम किती, निविदा किती, वर्क ऑर्डरची तारीख कोणती, काम संपायची तारीख कोणती, आजवर किती बिल दिलं, आणि रस्ता खराब झाला तर किती वर्षं कंत्राटदारानं फुकट दुरुस्त करायचा. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. आपल्याकडे ती कन्नड, त्यामुळे शंका मराठीत आली तरी अर्ज हिंदीत लिहा, उगाच भाषेवरून परत यायला नको. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. गणेबैलला एका फेरीला याहून जास्त जातात.

उत्तर आलं तर त्याची प्रत या सदराकडे पाठवा, कामाच्या नावासकट छापू. नाही आलं तर अर्जाची तारीख पाठवा, तीही छापू.